सिंहगडाच्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींना
सहा आठवड्यांच्या तालमी, प्रात्यक्षिकं आणि विद्यार्थ्यांची भांडणं यांतून एक रविवार सुटला, म्हणून एकटीच सिंहगडावर गेले. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं कसं निवांत. आतकरवाडीकडे उतरताना घोटा मुरगळला. (रंगमंचावर न लागता पडायचं कसं, हे मी वर्गात शिकवते!) तुम्ही ताकाचा माठ तसाच सोडून धावलात, माझा पाय मांडीवर घेतलात, डोक्याचं फडकं सोडून घट्ट बांधलंत. वर ताक पाजलंत, पैसे काही घेईनात. मग त्या दोन कॉलेजच्या पोरांनी दर वीस पावलांवर "मॅडम, बसा जरा" म्हणत मला खाली आणलं, स्वारगेटच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं. नावं विचारायची राहिलीच. तिघांचे मनापासून आभार. मावशी, फडकं धुऊन ठेवलंय, पाय बरा झाला की घेऊन येते.