बाळ्याच्या पोरीच्या करिअरबद्दल

नागपूर,
मे महिना, चांगलाच तापलेला

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. फोनच केला असता, पण पोरीलाही वाचता यावं म्हणून लिहून राहिलो. तिला एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायच्या कामात जायचंय आणि तू म्हणतोस, सगळे एआयकडे धावत असताना ही बोर्ड-बिर्ड काहून हातात घेते? तुझ्या डोक्यात अजून हेच, की हिंगण्याच्या एमआयडीसीत मी सोल्डरिंग करत होतो आणि आता सर्व्हरवर 'खरं सॉफ्टवेअर' लिहितो. अबे, काम तेच आहे.

आपण कॉलेजात हाताळलेला ८०५१ आठव, यंत्रांत बसवायचा तो चिमुकला मायक्रोकंट्रोलर. १२८ बाइट रॅम. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे हे वाक्यसुद्धा त्यात मावलं नसतं. तेवढ्या जागेत स्टॅक, व्हेरिएबल, सगळं बसवायचं. वर आपलं ऊन. साध्या कमर्शियल ग्रेडची चिप ७० अंशांपर्यंतची, इंडस्ट्रियल ८५ पर्यंतची. बाहेर ४५ असताना गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या डब्यात किती होत असेल, ते नागपूरकराला सांगायला नको. एसी लॅबमध्ये पास झालेल्या बोर्डावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

पोरीला पाथफाइंडरचा किस्सा नक्की सांग. १९९७ साली नासाचं यान मंगळावर उतरलं आणि त्यातला कॉम्प्युटर आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक लॉक धरलेला, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून लावायची कडी. जास्त प्राधान्याचा एक टास्क त्याच लॉकसाठी थांबलेला. मधल्या प्राधान्याचा टास्क घुसायचा आणि लॉकवाल्याला चालूच द्यायचा नाही. काम वेळेत झालं नाही म्हणून वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या कामावर नजर ठेवणारी सोय, सगळं रीसेट करी. यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्सची, म्हणजे लॉकवाल्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य द्यायची सोय होतीच, फक्त बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली. मला आजही हे वाचताना मजा येते.

आता माझ्या सर्व्हरचं ऐक. तिथे रॅम हवी तेवढी, पण प्रोसेसरचा ३ गिगाहर्ट्झचा कोअर रॅममधून एक आकडा आणायला १०० नॅनोसेकंद थांबला तर ३०० सायकल वाया. म्हणून कॅशे, म्हणजे कोअरजवळची छोटी वेगवान मेमरी, आणि तिची एक लाइन, म्हणजे एका वेळी आणायचा तुकडा, बहुधा ६४ बाइटची. मागे आमच्याकडे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची समांतर चालणारी कामं, वाढवले की वेग उलट घटायचा. दोन थ्रेडांचे दोन वेगळे काउंटर, पण एकाच लाइनमध्ये. बिऱ्हाडं वेगळी, सातबारा एकच. एकाने काही लिहिलं की दुसऱ्याच्या कॅशेतली प्रत बाद. काउंटरांमध्ये नुसती रिकामी जागा सोडली आणि गाडी पळाली. ८०५१ वर एकेक बाइट वाचवायचा आणि इथे मुद्दाम वाया घालवायचा. पण बाइट कुठे बसलाय हे दोन्हीकडे माहीत पाहिजे.

परम सुपरकॉम्प्युटरमागचे विजय भटकर आपल्याच नागपूरच्या व्हीआरसीई कॉलेजचे, आताच्या व्हीएनआयटीचे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप एकमेकींना जोडून. म्हणून मी या दोन्हींना वेगळी क्षेत्रं मानत नाही.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला वेबवाल्यांपेक्षा कमी मिळतो. सोसायचं. आणि तुझं ते एआय मोबाइलच्या चिपवर बसवणारे लोकही हेच काम करतात, मेमरी मोजत.

दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. ऑसिलोस्कोप घरीच आहे, वरची खोली रिकामी आहे. येण्याआधी सी मधले पॉइंटर पक्के कर म्हणावं, आणि इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच चालणारा कोड) व मुख्य प्रोग्रॅम एकच व्हेरिएबल वापरत असतील तर 'व्होलाटाइल' काहून लिहायचं, हे शोधून ये म्हणावं. आल्याबरोबर तेच विचारणार आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या