पंखा बंद केलात, त्याबद्दल

लॅबमधल्या ताई,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहिलं तर तुम्ही लाजाल. म्हणून नुसतं ताईच म्हणते. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असाल, आणि मला तुम्ही पहिल्या भेटीतच अक्का म्हणालात.

मे महिना होता. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण सोलापूर तव्यासारखं तापलं होतं. रक्त घ्यायच्या तुमच्या एवढ्याशा खोलीत पंखा फुल्ल होता. दंडाला पट्टा आवळताना तुमचं लक्ष माझ्या हातावर गेलं. सगळा काटा आला होता. तुम्ही काही न बोलता उठलात आणि पंखा बंद केलात. बाहेरच्या बाकावरून एक आजोबा ओरडले, "ओ, पंखा लावा की!" तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं थांबा आजोबा, अक्कांना थंडी वाजतीय." मास्कच्या वर तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

ताई, वर्षभरात माझी थंडी खरी मानणाऱ्या तुम्ही पहिल्या. घरी पंख्यावरून रोज भांडण. मी ऐन उन्हाळ्यात चादर पांघरायची, हे वैतागून गच्चीवर झोपायला जायचे, आणि मुलगा म्हणायचा, "आई, नाटक पुरे." सोलापुरात राहून चादरीचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल.

थंडी एकटी नव्हती. चेहरा सुजायचा, बांगड्या हातात रुतायच्या, पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. बोटांना मुंग्या यायच्या. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. बेरीज दोनदा करूनही भरवसा वाटेना. आवाज इतका घोगरा झाला की हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने फोनवर मला "हां साहेब" म्हटलं. तेव्हा हसले, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो तर होम मैदानाच्या अर्ध्यातच बसकण मारली.

थायरॉईड कमी असल्याचं मला तीन वर्षांपासून माहीत होतं. शंभरची गोळी चालू होती. तरी असं का, हे विचारायला मी तीन दवाखाने फिरले. एकांनी घरात काही टेन्शन आहे का विचारलं. दुसऱ्यांनी पाळी जायचं वय म्हणून सोडून दिलं, गुडघ्यांसाठी कॅल्शियम दिलं, वाढलेल्या कोलेस्टेरॉलला आणखी एक गोळी जोडली. तिसऱ्यांनी रिपोर्ट पाहिला. टीएसएच ०.०८, म्हणजे अगदीच कमी, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, वर गेलेलं. "थायरॉईड जास्त होतंय," म्हणाले आणि गोळी निम्मी केली. मान वर करून माझ्याकडे एकदा जरी बघितलं असतं ना! शाल घेतलेली, डोळे सुजलेली बाई समोर बसली होती. थायरॉईड जास्त झालं की माणसाला घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. माझी नाडी गोगलगायीसारखी चालली होती.

टीएसएचचं गणित उलटं असतं, हेसुद्धा मला नंतर नीट कळलं. ही मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीची हाक. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आळसावली की पिट्यूटरी मोठ्याने हाका मारते आणि आकडा वाढतो. माझ्या कागदावर हाक जवळजवळ बंद होती, म्हणजे काम जोरात चालू असायला हवं. कागद एक सांगत होता, अंग दुसरं. आणि सगळ्यांनी कागदाची बाजू घेतली.

तुम्ही मात्र रक्त काढून झाल्यावर माझा जुना रिपोर्ट हातात घेतलात, माझ्याकडे पाहिलंत, परत रिपोर्टकडे. मग विचारलंत, "अक्का, केसांसाठी काय घेताय का हो?"

घेत होते की! केस मुठीने गळत होते, म्हणून मेडिकलवाल्याकडून बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या. ते काय औषध थोडंच, म्हणून एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. आणि कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही समजावलंत की बऱ्याच मशीनच्या चाचणीत पकड बसवायला बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते बाहेरून भरपूर आलं की पकड चुकते. मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. घरी येऊन मी डबी वाचली. अंगाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, माझी एक गोळी १० मिलिग्रॅमची. हिशेबाची सवय, भागाकार केला: तीनशे तेहेतीस पट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच या घोळाबद्दल इशारा दिला होता, हे मुलाने शोधून दाखवलं. नाटक म्हणणाऱ्या त्याच मुलाने.

तुमचं आणखी एक आवडलं. "मी डॉक्टर नाही, थायरॉईडच्या गोळीला हात लावू नका," हे तुम्ही दोनदा बजावलंत. "केसांची गोळी थांबवा, आठवड्याने परत रक्त द्या, आणि डॉक्टरांना हे सगळं सांगा." शिवाय एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'बायोटिन' लिहून दिलंत, मी विसरेन म्हणून. तेव्हा मी खरंच सगळं विसरत होते.

आठवड्याने टीएसएच आलं ४६. एवढा वाईट आकडा बघून आनंद झालेली बाई तुमच्या लॅबने पाहिली नसेल.

पुढचं थोडक्यात सांगते. नव्या डॉक्टरांनी डोस नीट लावला. मी थायरॉईडची गोळी चहासोबत आणि कॅल्शियमला जोडून घेत होते, तीही चूक निघाली. आता ती उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री. अंगात बदल जाणवायला काही आठवडे गेले. आधी आवाज आला, मग बांगड्या सैल झाल्या.

आमच्या कारखान्यात एक जुने मामा आहेत. मागावर धागा तुटला की मशीन आपोआप थांबायची सोय आहे, पण मामा तिच्या भरवशावर राहत नाहीत. खडखडाटात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगतात, चार नंबरचा माग बिघडलाय. शिकलेत चौथी. तुमच्याबद्दल त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पोरगी कामाची आहे." मामांच्या तोंडून एवढं कौतुक मी वीस वर्षांत दोनदा ऐकलंय.

मागच्या सोमवारी शेंगाचटणी घेऊन लॅबमध्ये आले होते. तुमची सुट्टी होती, म्हणून डबा काउंटरवर ठेवलाय. उखळात कुटलेली आहे, मिक्सरची नाही. डबा परत करायची घाई करू नका. सहा महिन्यांनी टीएसएच तपासायला यायचंच आहे, तेव्हा घेईन. आणि त्या दिवशी पंखा पाचवर असू द्या.

तुमची,
शालवाली अक्का