आराखडा डिसेंबरात, पालक फडावर

महोदय,

सरकारी शाळांच्या कारभारात नागरिक गटांना स्थान हवे, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. मागणी रास्त आहे. पण हा हक्क अजून मिळायचाच आहे असा तिचा सूर खटकला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते.

अडते ते वेळापत्रकात. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर हवा. बीडच्या गावांत तेव्हा निम्मे सदस्य ऊसतोडीला गेलेले. मग मुख्याध्यापक जुन्याच आराखड्यातले आकडे बदलतात आणि इतिवृत्तावर सह्या मागाहून होतात. गावात राहिलेल्यांसाठी सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला! दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? त्याला उदासीनता म्हणू नका.

ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी हे काम उरकता येते. जुलैत अंगणवाडीच्या नोंदीवरून पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येणारी मुले मोजा. शिक्षक किती लागतील, खोल्या किती, हे त्यावरच ठरते. मग समितीने शाळाभर फिरून छताची गळती, नळ, शौचालयाच्या कड्या पाहाव्यात. ‘शौचालय दुरुस्ती’ एवढेच मोघम लिहू नये. ‘मुलींच्या शौचालयाची २ दारे, १ टाकी’ असे लिहून पुढे अंदाजे रक्कम टाकावी. कच्चा आराखडा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावा, सप्टेंबरात सह्या घ्याव्यात.

मोठा खर्च आराखड्यात आलाच पाहिजे, कारण ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान मिळते १०,००० रुपये. त्यातले दहा टक्के तरी स्वच्छतेवर खर्चायचे, उरलेल्यात वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती. दारे-टाक्या त्यात बसत नाहीत.

नागरिक गटांनी आराखड्याची आणि इतिवृत्ताची प्रत मागून गावात लावली, तरी पुष्कळ काम होईल. इतिवृत्त लोकांना पाहता येईल असे ठेवावे, हे नियमातच आहे.

आणखी एक. बातमीत या समितीला दोनदा ‘पालक-शिक्षक संघ’ म्हटले आहे. संघ वेगळा, आराखडा करण्याचा किंवा अनुदानाच्या खर्चावर देखरेखीचा कायदेशीर अधिकार त्याला नाही. अशाने पालक चुकीच्या सभेला जाऊन बसतात. कृपया दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, बीड