मंत्रिमहोदय, माझ्या पोरानं गोळी चालवली नाही

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या माजी सैनिक मेळाव्यात माझा अर्ज हातात घेऊन तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हवालदारसाहेब, मी स्वतः लक्ष घालतो." काल तुमच्या कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: हा लष्कराच्या अंतर्गत शिस्तीचा विषय आहे. मग हे तिथंच सांगायचं होतं. पोराची आई तुमच्या शब्दावर जगत होती.

केस तुम्ही वाचली नसणार, म्हणून लिहितो. रात्रीच्या गस्तीत दोन माणसं दिसली. साहेबांनी फायरचा हुकूम दिला. माझा पोरगा सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला. काठी टेकत, थांबत थांबत कोण चालतं, ते त्याला चालीवरून कळलं. "साहेब, मेंढके आहेत," म्हणाला आणि ट्रिगरवरचं बोट काढलं. उजाडल्यावर ते मेंढकेच निघाले. ते जिवंत घरी गेले आणि माझा पोरगा समरी कोर्ट मार्शल होऊन, डिसमिस होऊन घरी आला. पेन्शनचा हक्कही गेला.

समरी कोर्ट मार्शलमध्ये पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो. वरच्या कुणाची मंजुरी न लागता शिक्षा अमलात येते. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ४१ 'कायदेशीर हुकूम' मोडण्याबद्दल आहे. युद्धसेवेवर असताना १४ वर्षांपर्यंत कैद. हुकूम कायदेशीर होता का, हे जवानानं एका श्वासात ठरवायचं आणि नंतर निवाडा करणार त्याच पलटणीचे मोठे साहेब!

मीही फौजेतच आयुष्य काढलं. गोळ्या येत असताना हुकमावर वाद घातला तर अख्खं सेक्शन मरतं, हे मला कुणी शिकवू नये. पण समोरून एकही गोळी येत नसताना डोळ्यांना दिसतंय ते बोलायचंच नाही? १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपालांना जळता रणगाडा सोडायचा हुकूम होता. ते लढत राहिले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, आणि ते योग्यच झालं. शत्रूला मारण्यासाठी हुकूम बाजूला ठेवलेला देशाला चालतो, गरिबाचा जीव वाचवायला ठेवलेला का चालत नाही?

२३ एप्रिल १९३० ला पेशावरात इंग्रजांच्याच फौजेतल्या चंद्रसिंह गढवालींनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. इंग्रजांनी जन्मठेप दिली. पुढच्याच महिन्यात आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला आमची चार माणसं फासावर गेली. त्या चार हुतात्म्यांना हार घालायला तुम्ही सगळे येता. इंग्रजांचा हुकूम मोडला तो वीर आणि आपल्या राज्यात मोडला तो बेशिस्त, हे कुठल्या कायद्यात बसतं?

निवडणुकीत जवानाचा फोटो तुमच्या फोटोशेजारी लागतो. राज्यघटनेच्या कलम ३३ खाली त्याचे मूलभूत हक्क तुम्ही कमी केलेत. केलेत, आम्ही ब्र काढला नाही. मग त्याचा खटला ऐकायला बाहेरचा एक माणूस देताना हात का आखडतो?

हुकूम बेकायदा होता असा जवानाचा बचाव असेल, तर खटला त्याच्या पलटणीबाहेर चालावा आणि त्याला वकील मिळावा. हे येत्या अधिवेशनात मांडा. आणि ते दोन मेंढके अजून त्याच डोंगरात मेंढरं चारतात. त्यांची साक्ष कुणीच घेतलेली नाही. ती आधी घ्या.

एक निवृत्त हवालदार,
सांगोला, जि. सोलापूर