सुईण शिकते, पण टिकते कुठे?

प्रिय शुभा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर रोज मनात लिहीत होते, कागदावर आज उतरतंय. "युद्ध संपल्यावर आधी दवाखाने बांधायचे सोडून सुइणी काय शिकवत बसायचं?" असं विचारलंयस. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर भांडलेच असते.

अगं, दवाखाना वर्षभरात उभा राहतो. फीत कापायलाही माणसं मिळतात. पण रात्री दोन वाजता बाळंतिणीची वार पडल्यावर रक्त थांबेना, तेव्हा भिंत काय करणार?

अफगाणिस्तानचंच घे. २००२ साली अख्ख्या देशात मिळून ४६७ सुइणी उरल्या होत्या. त्या वेळच्या पाहणीत देशभरात एक लाख जन्मांमागे सुमारे १,६०० आया दगावत होत्या, आणि बदख्शानच्या एका डोंगराळ जिल्ह्यात तर साडेसहा हजार. हा आकडा मी दोनदा वाचला, आधी छपाईची चूकच वाटली. बायकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हते आणि मुलींच्या शाळा कित्येक वर्षं बंद, म्हणजे शिकवायला शिकलेली मुलगी आणायची कुठून? मग तिथे वाट बदलली. दूरच्या गावातलीच मुलगी निवडायची, निवडीत गावालाही घ्यायचं, दीड वर्ष (पुढे दोन वर्षं) शिकवायचं आणि तिने आपल्याच भागात परतायचं, हे आधीच ठरवून घ्यायचं. दहा वर्षांत सुइणींची संख्या काही हजारांवर गेली.

मला यातली निवडीची गोष्ट सगळ्यांत हुशारीची वाटते. शहरातली हुशार मुलगी शिकून शहरातच राहते. गावातली मुलगी तिथली भाषा बोलते, आणि तिच्या हातून सुटका झालेली बाई पुढच्या खेपेला आपणहून येते. न शिकता नुसत्या अनुभवाने बाळंतपणं करणाऱ्या जुन्या दायांना हाकलायचं नाही, हेही त्यातच आलं. दाईने बाळंतपण करावं असं मी म्हणत नाही. पण बाईला वेळेत दवाखान्यापर्यंत आणायला तिच्याइतकं वजन कुणाच्या शब्दाला असतं?

आता माझी फजिती ऐक. पहिल्या तुकडीत चाळीस मुली आणि सरावाच्या बाहुल्या दोन. लेखी परीक्षेत सगळ्या पास! नंतर प्रसूतिगृहात एक बाळ रडेना. मुलीने मास्क लावला, फुगा दाबला, पण मान किंचित मागे करायची विसरली, म्हणून छाती हलेचना. पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा, हे तिने पेपरात सुंदर अक्षरात लिहिलं होतं. मी शेजारी उभी होते म्हणून बाळ वाचलं. तेव्हापासून माझ्या वर्गात फळा कमी आणि बाहुली जास्त.

रक्ताचंही तसंच. नुसत्या नजरेने मोजलं की ते नेहमी कमीच वाटतं. म्हणून बाईखाली मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची आणि अर्धा लिटर व्हायची वाट न बघता लक्षणं दिसताच मसाज, औषध, सलाइन सगळं एकदम सुरू करायचं. चार आफ्रिकी देशांतल्या मोठ्या अभ्यासात या पद्धतीने गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी मोठी गुंतागुंत ६० टक्क्यांनी कमी झाली. मशीन नाही, काही नाही, फक्त पिशवी आणि सरावलेला हात. गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिन हे औषध मात्र थंड जागी ठेवावं लागतं. जिथे लढाईत विजेच्या ताराच गेल्या, तिथे फ्रिज कुठला? त्यासाठीच, रक्तस्राव होऊच नये म्हणून द्यायचं, उष्णता सोसणारं कार्बेटोसिन आलं.

पूर्व आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या हरगेसा शहरातल्या एडना अदान यांचं नाव तू ऐकलंयस का? तिथल्या यादवीनंतर त्यांनी २००२ मध्ये प्रसूतीचं रुग्णालय उघडलं आणि हजार सुइणी तयार करायचं मनावर घेतलं. म्हणजे भिंती त्यांनीही बांधल्या, पण आत मुली शिकवल्या. तुझ्या माझ्या वादात दोघींनाही अर्धे गुण, झालं?

आणि मग डिसेंबर २०२४ ची बातमी. अफगाणिस्तानात तालिबानने मुलींना सुईणीचं शिक्षणसुद्धा बंद केलं. पुरुष डॉक्टरला अडवायचं आणि बाई तयार होऊ द्यायची नाही. मग बाळंतिणीने जायचं कुठे? वाचल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. वीस वर्षं लागली ते उभं करायला, आणि जुन्या सुइणी निवृत्त होतील तेव्हा मागे नवी कुणी नसेल.

असो. पुढच्या महिन्यात नवी तुकडी सुरू होतेय. बाळंतिणीला येणाऱ्या झटक्यांचा धडा घ्यायला मला तुझ्याइतकी चांगली कुणी दिसत नाही. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा डोस देताना गुडघ्यावर टिचकी दिल्यावर पाय उडतो का आणि श्वास नीट आहे का, हे तू कसं तपासायला लावायचीस, ते मुलींना तूच दाखव. चार दिवस तरी काढ. आणि माझी जुनी बाहुली तुझ्याकडेच आहे ना? तिची मान सैल झाली होती, येताना ती दुरुस्त करून आण.

तुझी,
मंदा