सिव्हिल लाईन्स दाखवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

आठवीच्या पोट्ट्यांना तुम्ही उन्हातान्हात नागपूरची सिव्हिल लाईन्स, म्हणजे इंग्रजांच्या काळची साहेबी वस्ती, फिरवून आणली, त्याबद्दल तोंडी आभार मानलेच होते. पण पोरं घरी जाऊन असं काही सांगत सुटली की पालकच विचारू लागले, हे काकाजी आहेत तरी कोण? म्हणून हे जाहीर पत्र.

नागपूर मध्यप्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ मध्ये तो मान गेला. आमचा धडा इथंच संपतो. तुम्ही तिथून सुरुवात केलीत. ‘राजधानी गेली, पण तिच्यासाठी बांधलेलं कुठं जाते?’ म्हणालात आणि पोरांना थेट हायकोर्टासमोर उभं केलंत. १९३६ मध्ये नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. त्याची इमारत आखली हेन्री मेड यांनी. नवी दिल्ली उभी राहताना तिथं काम केलेला हा आर्किटेक्ट. कोनशिला १९३७ ची, उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये, खर्च ७ लाख ३७ हजारांच्या वर. घुमटाचा माथा जमिनीपासून १०९ फूट, बाकी इमारत ५२ फूट. आकडे ऐकताना पोरं जांभया देत होती, खोटं कशाला सांगू! मग तुम्ही त्यांना हात लांब करून, एक डोळा मिटून अंगठ्यानं मापायला लावलंत. घुमट दुपटीहून उंच निघाला, तेव्हा झालेला गलका पहाऱ्यावरच्या पोलिसालाही ऐकू गेला असेल.

पण खरी रंगत आली चुन्याला. आत विटांची चुन्यातली जोडाई, दर्शनी भागाला घडीव वालुकाश्म. चुना ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंट ती अडवून धरतं. मग पाणी दगडातूनच वाट काढतं, सोबत क्षार आणतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसाकडून हे ऐकणं वेगळंच. जुनी भिंत सिमेंटनं लिंपणारा तुमच्या लेखी गुन्हेगारच!

ही घुमटाची इमारत व्हायच्या आधीच्या, जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत आता पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ऑफिस. दुसऱ्यांच्या जुन्या वास्तू जपणारं खातं स्वतःच जुन्या वास्तूत बसतं, याचं पोरांना फार हसू आलं. मला मात्र बरं वाटलं. तिथं रोज कुणीतरी खिडक्या उघडतं, कुठं गळलं तर लगेच कळतं. घुमटाच्या नव्या इमारतीचंही नशीब बरं: नागपूरचं स्वतंत्र हायकोर्ट गेलं, तरी मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ तिथं आलं आणि कामकाज चालू राहिलं.

आता एक तक्रार. तुमची एक चेली शाळेच्या मागच्या भिंतीचे पोपडे बघून थेट हेडमास्तरांना विचारून आली, ‘सर, इथं सिमेंट कुणी लावलं?’ उत्तर द्यायला तुम्हालाच यावं लागेल. विधानभवनही राहिलंच आहे. हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त उठला की तिकडे जाऊ. डबा आमच्याकडून.

आपली नम्र,
आठवीची इतिहासाची बाई