सहा फुटी मत्स्यटाकीचे स्थलांतर व मांडणी करताना झालेल्या हलगर्जीपणाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मत्स्यटाकी स्थलांतर सेवा

विषय : ठाणे ते पुणे टाकी हलवताना फिल्टरमधील मीडिया (जिवाणू वाढलेल्या सिरॅमिक रिंगा व स्पंज) नळाखाली धुतल्यामुळे 12 मासे दगावल्याबाबत.

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे सातव्यांदा बोलणे झाले आणि त्यानंतर यापुढे फोन न करण्याचे मी ठरवले आहे. मोठ्या टाक्या हलवणे हाच आपला व्यवसाय असल्यामुळे फिल्टर म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही आपल्या पर्यवेक्षकांना ते ठाऊक नसल्याचे आज दिसून आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असून तिची काच 12 मिलीमीटर जाडीची आहे. तिच्यात काठोकाठ 680 लिटर पाणी मावते आणि वाळू, दगड व स्टँडसह भरलेल्या टाकीचे वजन 900 किलोच्या आसपास जाते. हे सारे नोंदणीच्या वेळी मी लेखी कळवले होते. नव्या घरात टाकी कोणत्या भिंतीलगत, तुळईच्या आधाराने ठेवायची, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून मी जमिनीवर खडूने आखून ठेवले होते, आणि टाकी तेथेच ठेवली गेली. आपल्या माणसांनी ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत माशांची बांधणी उत्तम केली, हेही मी मोकळेपणाने मान्य करते. द्रुतगती मार्गाने आलेले अठराही मासे रात्री पुण्यात जिवंत आणि तरतरीत पोहोचले. म्हणजेच दगावलेले बारा मासे प्रवासात मेले नाहीत, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत मेले.

त्याचे कारण असे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजावर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून जुना मीडिया जिवंत ठेवणे हा टाकी हलवण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. मी स्वतः तो मीडिया टाकीच्याच पाण्यात, बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून, बादलीत ठेवला होता आणि बादलीवर मोठ्या अक्षरांत ‘धुऊ नये’ असे लिहिले होते. शिवाय टाकीचे जुने पाणी प्रत्येकी 50 लिटरच्या चार पिंपांत भरून दिले होते. टेम्पो जड होतो म्हणून ती पिंपे ठाण्यातच गटारात ओतली गेली, हे मला पुण्यात पोहोचल्यावर कळले. मी सामानाच्या लिफ्टसाठी खाली सोसायटीच्या कार्यालयात गेले असताना आपल्या माणसाने बादलीतला मीडिया न्हाणीघरात नेऊन नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुतला. नंतर नळाच्याच क्लोरिनयुक्त पाण्याने टाकी भरली आणि त्यात अँटिक्लोरिनचा, म्हणजे क्लोरिन नाहीसा करणाऱ्या औषधाचा, एक थेंबही घातला नाही. ती बाटली मी स्टँडवरच ठेवली होती आणि तिचे सीलसुद्धा उघडलेले नव्हते.

मी परत आले तेव्हा टाकी भरून झाली होती आणि मासे आत सोडलेले होते. सीलबंद बाटलीचा फोटो काढून अँटिक्लोरिन मी लगेच घातले. परंतु धुतलेल्या मीडियावरचे, नळाच्या क्लोरिनने मेलेले जिवाणू परत आणणे कोणाच्याच हातात नव्हते.

तिसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीत पिवळा रंग दिसायला हवा तेथे गडद हिरवा आला, म्हणजे 4 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 4 भाग). मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. मी रोज निम्मे पाणी बदलले, आणि एका ओळखीच्या मत्स्यपालकाने आपल्या चालू फिल्टरमधला स्पंज काढून दिला म्हणून काही मासे तरी वाचले. चौदा डेनिसन बार्बपैकी, ज्यांना आपल्याकडे मिस केरळ म्हणतात, नऊ मेले. हा मासा केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या नद्यांचा, स्वच्छ वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा. अमोनिया त्याला कसा सोसावा? चार क्लाउन लोचपैकी तीन गेले. त्यांतला एक माझ्याकडे बारा वर्षे होता. थव्याने राहणाऱ्या या जातीचा वाचलेला चौथा मासा आता एकटाच फिल्टरच्या नळीमागे लपून असतो आणि खाद्य टाकले तरी बाहेर येत नाही.

आता आजच्या फोनविषयी. एकोणीस मिनिटे थांबवून ठेवल्यानंतर पर्यवेक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, काच शाबूत आहे ना?” मी “हो” म्हणताच ते म्हणाले, “मग तक्रार कसली?” मी मीडिया धुतल्याचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “ती तर आम्ही जादा सेवा दिली, तिचे पैसेसुद्धा लावले नाहीत.” मी जिवाणूंविषयी सांगू लागले, तेव्हा मला मध्येच तोडून त्यांनी सामानाची यादी वाचून दाखवली. तीत माझे मासे ‘इतर सामान’ या सदरात होते, पडद्यांचे दांडे आणि चपलांच्या कपाटानंतर. मी गप्प झाले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला असावा, कारण पुढचे वाक्य होते, “तेवढ्याच साइजचे, लाल पट्टीवाले नऊ मासे पाठवून देतो, विषय संपवू.” बारा वर्षांच्या लोचबद्दल विचारले, तर म्हणाले, “इतका जुना म्हणजे तसाही जाणारच होता.” क्लाउन लोच वीस वर्षांहून अधिक जगतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

जाहिरातीत आपण ‘टाकी आणि त्यातील जीवसृष्टीचे सुरक्षित स्थलांतर’ असे शब्द वापरता. त्याच शब्दांवर विश्वास ठेवून मी साध्या पॅकर्सऐवजी आपल्याला 38,500 रुपये दिले. मीडिया नळाखाली धुतला गेला, हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण सात फोनांपैकी एकाही फोनवर ते कोणी नोंदवून घेतले नाही.

ज्या कामगाराने तो धुतला, त्याच्या पगारातून एक रुपयाही कापू नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. त्याने मनापासून आणि नीटनेटके काम केले. काय धुवायचे नाही, हे त्याला शिकवण्याची जबाबदारी आपली होती.

माझ्या मागण्या अशा आहेत : संपूर्ण 38,500 रुपये परत मिळावेत, दगावलेल्या बारा माशांची किंमत मिळावी, आणि यापुढे प्रत्येक कामावर मीडिया ओला व न धुता नेला जाईल तसेच अँटिक्लोरिन घातल्याशिवाय मासे सोडले जाणार नाहीत, असे आपल्या सहीचे लेखी आश्वासन मिळावे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत असे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथील आयोगाकडे जाता येते, त्यामुळे आपले कार्यालय ठाण्यात असले तरी सुनावणी पुण्यातच होईल. बादलीवरच्या ‘धुऊ नये’ या चिठ्ठीचे, अमोनियाच्या चाचण्यांचे आणि न उघडलेल्या अँटिक्लोरिनच्या बाटलीचे फोटो सोबत जोडले आहेत.

बदली मासे पाठवू नयेत. टाकीचे पाणी अजून त्यांना घेण्याजोगे झालेले नाही.

आपली ग्राहक,
पुणे